पंप बदलण्याआधी गेज लावा: पेट्रोल गाडीचं फ्युएल प्रेशर कसं तपासायचं, कसं दुरुस्त करायचं

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही, झटके मारते. इगतपुरी ओलांडून सपाटीला लागलं की मात्र काही झालंच नाही अशी पळते. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: फ्युएल पंप गेला, असेंब्ली बदला. असेंब्लीचा, म्हणजे टाकीतल्या पंपाच्या अख्ख्या युनिटचा, खर्च मोठा असतो. पैसे गेले आणि गाडी त्याच घाटात पुन्हा तशीच अडखळली, असंही होतं, कारण दोष पंपाच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात, किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टमध्ये होता. गेज, मल्टिमीटर आणि तासाभराची सवड एवढ्यात हा दोष नेमका कुठे आहे ते कळतं.

हा लेख साध्या एमपीएफआय पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांचे इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल मारतात त्या. डिझेल कॉमन रेलच्या हाय प्रेशर लाइनला घरी हात लावू नका. आयडलिंगलाच तिथे २५०-३०० बार असतात, लोडवर १,६०० च्या वर जातात. नट सैल करताच निघणारी बारीक धार कातडी फोडून आत शिरते आणि अशी जखम थेट ऑपरेशनची असते. पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनच्या हाय प्रेशर बाजूलाही हाच नियम.

आकडा किती हवा आणि तो एवढा महत्त्वाचा का

बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपमध्ये, ३ ते ४ बार प्रेशर असतं. गॅरेजच्या भाषेत 'तीन किलो', 'साडेतीन किलो'. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय किंवा १०० किलोपास्कल. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी काढून ठेवा. तीनची गाडी चारवर असली तर तो दोष आहे, चारची गाडी तीनवर असली तरीही दोषच.

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरवतो, पण त्या वेळात किती पेट्रोल बाहेर पडेल हे प्रेशर ठरवतं. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. म्हणून ३ बारचे २.५ झाले तर पेट्रोल साधारण ९ टक्के कमी पडतं, २ झाले तर १८ टक्के. ३ चे ४ झाले तर १५ टक्के जास्त. ९ टक्क्यांची तूट ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू भरून काढतो, म्हणूनच गाडी शहरात ठीक चालते. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की बहुतेक गाड्यांत ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि साठवलेल्या हिशेबावर चालतो. पंप तेवढं पेट्रोल पुरवू शकत नसेल तर कमतरता तिथे उघडी पडते.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, मग मुंबईचा आकडा इथे चालेल का, असा प्रश्न पडतो. चालतो. गेज आणि प्रेशर ठरावीक ठेवणारा टाकीतला रेग्युलेटर दोघंही बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतात.

बॉनेट उघडण्याआधी

गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर निम्मं निदान फुकटात होतं. दोष सीएनजीवरही तसाच येत असेल तर तो प्लग, कॉइल, हवा किंवा सेन्सर अशा दोन्हींत सामाईक असलेल्या भागात आहे, फ्युएल प्रेशर विसरा. सीएनजीवर गाडी मस्त चालते आणि पेट्रोलवर टाकली की झटके मारते, तर दोष पेट्रोलच्या बाजूलाच. सीएनजीवाल्यांच्या टाकीत महिनोन्महिने रिझर्व्हवरचं शिळं पेट्रोल पडून असतं. त्याची चिकट राळ पंपाच्या जाळीवर बसते, आणि पंप पेट्रोलमध्ये नीट बुडलेला नसल्याने थंडही होत नाही. टाकी पाव भरलेली ठेवणं आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवणं एवढ्याने पंपाचं आयुष्य वाढतं.

दुसरी तपासणी कानाने. शांत जागी चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पंप लाइन भरतोय. काहीच आवाज नसेल तर फ्यूज आणि रिलेकडे वळा. आवाज किरकिरा, चढलेला असेल तर जाळी तुंबल्याची शंका घ्या.

सकाळी पाच-सात वेळा सेल्फ मारावा लागत असेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी गुणगुण थांबेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. आता पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं तर रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय, हे जवळपास नक्की.

तिसरी तपासणी स्कॅनरने. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनरही पुरतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), पी०१७२ म्हणजे जाड (पेट्रोल जास्त). पण कोडपेक्षा फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो (+) किंवा घटवतो (-) तो आकडा, जास्त सांगतो. आयडलिंगला आणि मग २,५०० आरपीएमला लाँग टर्म ट्रिम बघा. आयडलिंगला +१५ आणि रेस दिल्यावर +३ असेल तर कुठल्यातरी गळक्या जोडातून इंजिनमध्ये जास्तीची हवा ओढली जातेय. उलट आयडलिंगला +४ आणि लोडवर +१५ च्या पुढे जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर घाण झालाय. उणे १० च्या खाली असेल तर पेट्रोल जास्त जातंय.

इथे एक फसगत टाळा. आता पेट्रोल पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या हिशेबावर ट्यून केलेल्या गाडीत ट्रिम +५ ते +८ दिसणं हा दोष नाही, ईसीयू आपलं काम करतोय. तेवढ्यावर पंप बदलायला कोणी सांगितलं तर बदलू नका.

जागा आणि तयारी

नाशिकमधल्या कॉलेज रोड, इंदिरानगर, गंगापूर रोडकडच्या सोसायट्यांच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि बंद जागेत साचते. आणि त्याच पार्किंगच्या भिंतीवर सगळ्या इमारतीचे वीजमीटर आणि मेन स्विच असतात. गाडी उघड्यावर घ्या. इंजिन गार असू द्या. जवळ दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक, नायट्राइल हातमोजे, चष्मा, कोरडी सुती कापडं. उजेडासाठी एलईडी टॉर्च, हॅलोजन नको.

साहित्य: ०-७ बारचा फ्युएल प्रेशर गेज सेट. हवेचा टायर गेज इथे चालत नाही, त्याचं रबर पेट्रोलने फुगतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या रेलवर गेज लावायला व्हॉल्व्ह नसतो, म्हणून क्विक कनेक्टरमध्ये बसणारा टी-अडॅप्टर लागतो. ७.८९ मिलिमीटरचा माप सगळ्यात जास्त गाड्यांना बसतो, तरी घेण्याआधी स्वतःच्या पाइपवर मोजा. टी-अडॅप्टरमध्ये बंद-चालूची कॉक असेल तोच घ्या, पुढे त्याचा उपयोग सांगितलाय.

गेज लावणे

फ्यूज बॉक्समधून फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा. इंजिन चालू करा, लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेल. आणखी दोनदा सेल्फ मारा. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टाकीचं झाकण एकदा उघडून वाफ सोडा.

रेलकडे जाणारा क्विक कनेक्टर कापडात गुंडाळा, क्लिप दाबून हळू ओढा. थोडं पेट्रोल येणारच, ते कापडात टिपा आणि कापड गाडीपासून लांब ठेवा. जुन्या गाडीत प्लॅस्टिकची क्लिप उन्हाने ठिसूळ झालेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. तुटली तर नवी क्लिप मिळेपर्यंत गाडी जागेवरच राहते. टी-अडॅप्टर 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवा आणि मग ओढून बघा. गेजची नळी पंख्याला, बेल्टला किंवा एक्झॉस्टला लागणार नाही अशी वळवा. बॅटरी आणि फ्यूज परत लावा, चावी ऑन करा, प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला डाग दिसला तर पुढे जाऊ नका.

चार रीडिंग घ्या

पहिलं, चावी ऑन, इंजिन बंद. काटा एकदम आकड्यापर्यंत चढायला हवा. तीन-चार वेळा चावी फिरवल्यावर पोहोचत असेल तर तेही लिहून ठेवा.

दुसरं, आयडलिंगला. रेग्युलेटर टाकीत असलेल्या, म्हणजे रिटर्न लाइन नसलेल्या गाड्यांत आकडा जवळपास तोच राहतो. जुन्या रिटर्न लाइनवाल्या गाड्यांत रेलवरच्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असते, तिथे आयडलिंगला प्रेशर साधारण अर्धा बार कमी दिसतं. नळी काढली की ते वर जायला हवं. काढलेल्या नळीच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब किंवा वास आला तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय. आणखी काही तपासायची गरज नाही, रेग्युलेटर बदला. काही नव्या गाड्यांत ईसीयू पंपाचा वेग बदलत राहतो. तिथे काटा हलणं स्वाभाविक आहे, स्कॅनरमधल्या अपेक्षित प्रेशरशी तुलना करा.

तिसरं, लोडवर. हेच खरं रीडिंग. जागेवर रेस दिल्याने पंपावर पुरता ताण येत नाही. नळी काचेवर टेप करून गेज घेऊन रस्त्यावर जाणारे लोक आहेत. पेट्रोल भरलेली ती नळी चालत्या गाडीत धोक्याची आहे, ते करू नका. त्याऐवजी पुढे दिलेली मात्रेची (पंप किती पेट्रोल देतो याची) तपासणी करा आणि घाटात फक्त स्कॅनर लावून ट्रिम रेकॉर्ड करा, सोबत दुसरं माणूस असू द्या.

चौथं, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी. गरम इंजिनात पहिला मिनिटभर काटा उलट किंचित वर जातो, ते उष्णतेमुळे. ३ बारच्या गाडीत पाच मिनिटांनंतर २ च्या वर असेल तर चिंता नको. सरळ शून्याकडे घसरत असेल तर गळती आहे.

प्रेशर कमी: आधी वीज बघा

पंप ही एक मोटर आहे. तिला १३.५ व्होल्टच्या जागी ११ मिळाले तर ती हळू फिरते आणि प्रेशर पडतं. पंप बाहेर काढून तपासला तर चांगला निघतो, नवा बसवला तर तोही तसाच हळू फिरतो.

मागच्या सीटखाली पंपाचा कपलर शोधा. कपलर न काढता मागच्या बाजूने, वायर जिथे आत जाते तिथून, मल्टिमीटरची बारीक पिन घाला. इंजिन चालू ठेवा. कपलर काढून मोकळ्या पिनवर व्होल्ट मोजण्यात अर्थ नाही: वायरच्या वीसपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ दाखवतो, कारण करंट वाहतच नसतो. पंप फिरत असतानाच खरं कळतं.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्ह पिनवर. फरक ०.५ व्होल्टच्या आत हवा. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पंपाच्या अर्थ पिनवर. इथे ०.२ च्या आत. अर्थच्या बाजूला ०.८ दिसले तर बॉडीला जिथे अर्थिंगचा बोल्ट आहे तिथे जा, काढा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा. पॉझिटिव्ह बाजूला फरक जास्त असेल तर कपलर, रिले, फ्यूज अशा क्रमाने मागे मागे मोजत चला. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा उडी मारतो, तिथेच दोष.

कपलर हातात घेऊन नीट बघा. पांढरं प्लॅस्टिक एका पिनभोवती चहासारखं तपकिरी झालंय का, पिनवर हिरवट पूड आहे का, वायरचं इन्शुलेशन पिनजवळ कडक झालंय का. सैल पिन गरम होते, गरम झाली की आणखी सैल होते. असा कपलर साफ करून भागत नाही. पिन आणि कपलर दोन्ही नवे, क्रिम्प करून. नुसती टेप गुंडाळणं टाकीच्या डोक्यावर तर अजिबात नको.

रिलेची शंका असेल तर त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून बघा. सॉकेटच्या ३० आणि ८७ या पिना १५ अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या की पंप सतत चालतो. फ्यूज नसलेली उघडी वायर वापरू नका. वेगनियंत्रक मॉड्यूल असलेल्या गाडीत ही जोडणीच करू नका.

वीज बरोबर, तरी प्रेशर कमी

आता मात्रा मोजा. रेलकडची लाइन खुणा असलेल्या पेट्रोलच्या बरणीत घट्ट धरून सोडा, दुसऱ्या माणसाने वर सांगितलेली रिलेची जोडणी करून पंप नेमका १५ सेकंद चालवावा. लहान गाडीत किमान ३०० मिलिलिटर निघायला हवं. रोख धार हवी, फुसफुसत बुडबुडे नकोत.

काढलेलं पेट्रोल दहा मिनिटं काचेच्या बरणीत ठेवून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. ई२० मध्ये इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला जातात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला उघड्यावर राहणाऱ्या गाड्यांत टाकीच्या झाकणाचं रबर आधी बघा. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करून साफ करावी लागते, बाटलीतलं ॲडिटिव्ह ओतून पाणी जात नाही.

करंटही मोजा. फ्यूजच्या जागी १० अँपिअर रेंजचा मीटर लावला तर लहान गाडीत ४ ते ७ अँपिअर दिसतात. प्रेशर कमी, मात्रा कमी आणि अँपिअरही कमी असतील तर पंपाला खालून पेट्रोलच मिळत नाही, म्हणजे जाळी तुंबली आहे, किंवा रेग्युलेटर उघडा राहून पेट्रोल टाकीतच परत सांडतंय. अँपिअर जास्त असतील तर मोटर घासतेय किंवा पंपाच्या पुढचा फिल्टर तुंबलाय. फिल्टर बाहेर असलेल्या गाडीत तो आधी बदला, त्यावरचा बाण इंजिनकडे हवा.

रिटर्न लाइनवाल्या गाडीत आणखी एक सोपी परीक्षा आहे: रिटर्नची रबरी नळी कापड ठेवून दोन सेकंदच दाबा. काटा झपकन ५ च्या दिशेने उडाला तर पंप ठीक, रेग्युलेटर कमजोर. उडाला नाही तर पंप किंवा फिल्टर. प्लॅस्टिकचा कडक पाइप कधीच दाबू नका, तो दुमडला की बदलावाच लागतो.

प्रेशर टिकत नाही, किंवा जास्त आहे

चौथ्या रीडिंगला काटा घसरत असेल तर टी-अडॅप्टरची कॉक इथे कामी येते. पंप चालवून लाइन भरा, टाकीकडची बाजू कॉकने बंद करा, गेज रेलकडे राहू द्या. काटा आता थांबला तर गळती टाकीत आहे: पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलट जाऊ न देणारा) किंवा आतली नळी. तरीही घसरत असेल तर इंजेक्टर ठिबकतोय. रिटर्न लाइन असेल तर तीही दाबून बघा, मगच इंजेक्टरला दोष द्या. रात्रभर उभी ठेवून सकाळी प्लग काढले तर ठिबकणाऱ्या सिलिंडरचा प्लग ओला आणि काळा निघतो. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, ऑइलची पातळी वाढली असेल, तर दुरुस्तीनंतर इंजिन ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

प्रेशर जास्त असण्याची कारणं मोजकीच: रिटर्न पाइप कुठेतरी दबलाय, व्हॅक्यूमची नळी निघाली आहे, रेग्युलेटर अडकलाय, किंवा दुसऱ्या मॉडेलचं असेंब्ली बसवलंय. शेवटचं कारण सेकंडहँड गाड्यांत वारंवार सापडतं. बाहेरून दोन्ही असेंब्ली सारखीच दिसतात, आतला रेग्युलेटर वेगळ्या आकड्याचा असतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

पंप खरोखर बदलायचा असेल तर

टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असू द्या. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते. ते काम लिफ्ट आणि जॅक असलेल्या गॅरेजचं आहे, एकट्याने टाकी पोटावर घेऊ नका. झाकण उघडण्याआधी त्यावरची धूळ ब्रशने आणि ओल्या कापडाने पूर्ण काढा. एक चमचा माती आत पडली तर नवी जाळी महिन्याभरात तुंबते. लॉक रिंग लाकडी किंवा पितळी ठोकणीने फिरवा. लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी पडते.

असेंब्ली तिरकी करून काढा, नाहीतर पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटचा दांडा वाकतो आणि मग टाकी भरलेली असूनही डॅशबोर्डवरचा काटा अर्ध्यावर थांबतो. जाळी आणि मोठी ओ-रिंग दर वेळी नवी. आतली नळी पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेलीच घ्या. बाहेरची साधी पेट्रोल नळी टाकीत काही महिन्यांत मऊ पडते, फुटते, आणि प्रेशर पुन्हा टाकीतच सांडायला लागतं. नुसती पंपाची मोटर बदलणं स्वस्त पडतं आणि चालतंही, पण रेग्युलेटर आणि नळी सुस्थितीत असल्याची खात्री करून.

बसवून झालं की चावी चार वेळा ऑन-ऑफ करा, टाकीचं तोंड आणि इंजिनकडचे जोड टिश्यूने तपासा, मगच सीट लावा. गेजवरची पहिली, दुसरी आणि चौथी रीडिंग पुन्हा घ्या. कोड पुसा. टी-अडॅप्टर काढताना लाइनमधलं प्रेशर आधीसारखंच उतरवा. इंजिन चालून गरम झालेलं असतं आणि पेट्रोलची धार एक्झॉस्टवर पडायला वेळ लागत नाही.

पुढचे शंभरेक किलोमीटर शहरात आणि हायवेवर मिळून चालवा, कारण लाँग टर्म ट्रिम हळूहळू जागेवर येतो. मग मुंबईहून परतताना स्कॅनर लावून कसारा घाट चढा आणि चढावरचा ट्रिम आधीच्या नोंदीशेजारी ठेवा. दुरुस्तीआधी +१५ च्या पुढे जाणारा आकडा आता आयडलिंगच्या आकड्याच्या जवळपास राहायला हवा. तरीही तो चढत असेल आणि गेज बरोबर दाखवत असेल, तर मास एअरफ्लो सेन्सर काढून त्याच्यासाठीच्या स्प्रेने साफ करा आणि इंजेक्टर फ्लो बेंचवर, म्हणजे प्रत्येकातून किती पेट्रोल निघतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, टाका.